टाकीपासून एकशे तीस कदम

माझी शेवटची पोस्टिंग घरापासून तासाभराच्या अंतरावर लागली. नागपुरात सक्करदऱ्यातल्या शेजाऱ्यांना वाटलं, सुभेदारानं वशिला लावला. वशिला कसला? रामटेक रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचा एक जुना डेपो बंद व्हायचा होता, आणि तिथं पूर्वी काम केलेला, अजून वर्दीत असलेला इंजिनिअर्सचा माणूस मी एकटाच उरलो होतो. डेपोचं नाव सांगत नाही. सवय.

सकाळी तलावाभोवती फिरताना लोक विचारतात, साहेब, किती लढाया केल्या? मी सांगतो, सगळ्यात मोठी लढाई मी तारेचा ब्रश आणि बादलीभर पाणी घेऊन जिंकली. लोक हसतात. म्हातारा फेकतोय असं त्यांना वाटतं.

डेपो बंद करणं म्हणजे फाटकाला कुलूप लावणं, असं मलाही वाटायचं. ०७०० ला फॉल-इन, मग दिवसभर मोजणी. शेड रिकामी झाली, गाड्या गेल्या, तारा उतरल्या. उरली ती जमीन. आणि जमिनीत काय काय पुरलंय, ते शोधून काढल्याशिवाय ती परत देता येत नाही. फुटक्या बॅटऱ्या, जळकं तेल, रंगाचे डबे, मुदत संपलेले सिग्नल फ्लेअर. पूर्वी हे सगळं खड्ड्यात लोटून वर माती ओढायचे. तो खड्डा करायला दोन दिवस लागले असतील. तो साफ करायचा म्हणजे मशीन, सीलबंद ड्रम, मातीची तपासणी, लांबवर वाहतूक. एका खोदाईचा खर्च बघून आमच्या कर्नलसाहेबांनी चष्मा काढून पुसला होता.

रजिस्टरात एकच ओळ होती. ‘खड्डा : बारा दगडांच्या घेऱ्यात.’ आणि जमिनीवर घेरा कुठंच नव्हता.

तारेपलीकडे सिंधूबाईचं धानाचं शेत. नवरा वारलेला, शेत एकटी बघायची. दर सोमवारी ती फाटकावर यायची, हातात स्टीलचा डबा, डब्यात तिच्या विहिरीचं पाणी.

“वास घ्या साहेब,” ती म्हणायची.

घासलेटचा वास यायचा. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग.

“तुमी तर जाऊन राहिले. मंग मी कोनाले सांगू? बैलही तोंड लावत नाही त्या पान्याले.”

“बाई, खड्डा शोधून राहिलो आम्ही.”

“तुमीच पुरला न? मंग तुमाले काहून नाही सापडत?”

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी मी याच डेपोत हवालदार होतो. माझ्या हाताखाली नाईक दौलत भोयर. रामटेकचा, बाप गिट्टी खदानीत दगड फोडणारा. खड्डा बुजवल्यावर त्याच्या कडेनं बारा दगड त्यानंच आणून रोवले. रोवण्याआधी रोज संध्याकाळी छिन्नी घेऊन तो त्या दगडांपाशी बसायचा. मला वाटलं, पठ्ठ्या स्वतःचं नाव कोरतोय. मी चिडवलं, “काय गा दौलत, ताजमहाल बांधून राहिला का?”

तो म्हणाला, “कागद हरवते साहेब. दगड नाही हरवत.”

दोन महिन्यांनी एका जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. फौजेचा एक नियम नागरिकांना ठाऊक नसतो: हलेल त्याला सॅल्यूट करा, हलणार नाही त्याला गेरू-चुना लावा. मेसच्या रस्त्याला दुतर्फा पांढरे दगड हवे होते आणि एका बाजूला बरोबर बारा कमी पडत होते. कुठले उचलायचे, ते सुचवणारा मी.

“साहेब, ते निशाणीचे होत,” दौलत म्हणाला.

“इन्स्पेक्शन झालं की परत ठेवू.”

इन्स्पेक्शन उत्तम झालं. रस्ता बघून जनरलसाहेब खूश, मला तीन दिवसांची सुट्टी. दगड राहिले तिथंच. पुढच्या महिन्यात दौलतची बदली झाली, वर्षभरात माझी. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात सीमेवर एका गावाच्या शेतातले सुरुंग काढताना दौलत गेला. शेत साफ झालं होतं, एकच राहिला होता. मी तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होतो. बातमी मला चार दिवसांनी कळली.

आता हाताखालच्या पोरांसमोर हे सांगायची मला लाज वाटत होती. म्हणून मी आठवणीवर भिस्त ठेवली आणि बोट दाखवलं. रान बदललं होतं, बाभळी आणि घाणेरीनं सगळं झाकलं होतं. तीन वेळा बोट दाखवलं, तीन वेळा मशीन लावलं, तीन वेळा कोरी लाल माती निघाली. तिसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी मला बोलावलं.

“सुभेदार साहब, एक खुदाई का पैसा बचा है. उसके बाद मैं लिख दूँगा, नहीं मिला.”

‘नाही मिळाला’ असं लिहिलं की फाटक बंद, फाईल बंद, आणि सिंधूबाईचा डबा कायमचा तसाच. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

“सर, वो पत्थर मैंने हटवाए थे.”

त्यांनी मान वर केली. “क्यों?”

“इन्स्पेक्शन था, सर. रास्ता अच्छा दिखना था.”

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, “अब कहाँ हैं?”

“बाहर, सर. आप रोज़ उन्हीं के सामने से आते हैं.”

ते उठले, टोपी घातली आणि माझ्या आधी बाहेर पडले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दगड उपटायला दोन जवान लागले. पहिला उलटा केला. खाली चुन्याचाच पापुद्रा, कारण इन्स्पेक्शनच्या वेळी आम्ही दगड चारही बाजूंनी रंगवून मग रोवले होते. मी बादली मागवली आणि मांडी घालून बसलो. तारेच्या ब्रशनं घासायला लागलो. तेवढ्यात सिंधूबाई फाटकाशी आली. सोमवार होता.

“दगड काहून धुऊन राहिले साहेब?” तिनं विचारलं.

मी घासतच राहिलो, ब्रशखाली अक्षरं उमटत होती. नाव नव्हतं ते. ‘टाकी. २१४. १३०.’

दौलतनं प्रत्येक दगडाच्या पोटाशी त्याची जागा कोरून ठेवली होती. पाण्याच्या टाकीपासून कंपासचे किती अंश आणि किती कदम. डेपोत न हलणारी वस्तू एकच, ती टाकी. हे पोराला कळलं होतं. माझ्यासारखा कोणीतरी अतिशहाणा दगड हलवेल, हेही बहुधा कळलं असावं.

बारापैकी नऊ दगड वाचता आले. आमचा तरुण कॅप्टन टेप घेऊन आला. मी म्हटलं, “साहेब, दौलतनं टेपनं मोजलं नाही. त्यानं चालून मोजलं.” फौजेत ड्रिलचा कदम तीस इंचांचा. तो आयुष्यभर पायातून जात नाही. कॅप्टननं टाकीखाली कंपास धरला, जवानांनी घाणेरी कापली, आणि वयाच्या पन्नाशीत मी नऊ वेळा तेज चल केलं. एकशे तीस. एकशे चोवीस. एकशे सदतीस. जिथं थांबलो तिथं लाल झेंडी. नववी झेंडी रोवली आणि मागं वळून बघितलं, तर झेंड्यांचा घेरा झाला होता. माझा तिसरा खड्डा त्या घेऱ्यापासून सात कदमांवर होता.

दुसऱ्या दिवशी ०९३० ला मशीन लागलं. चार फुटांवर माती काळी झाली. वास आला, डब्यातला तोच. १०१० ला पांढरा धूर निघाला. मी वॉकी-टॉकीवर ओरडलो.

“मशीन स्टॉप. सगळे शंभर कदम मागे. ओव्हर.”

“रॉजर. ड्रायव्हर कुठंय? ओव्हर,” कॅप्टननं विचारलं.

“ड्रायव्हर आपल्या आधी पोहोचलाय. ओव्हर.”

खरंच, तो फाटकापाशी होता. एक जुना फ्लेअर पेटला होता, एवढंच. वाळू टाकली, विझला. कोणाला ओरखडाही नाही. कर्नलसाहेब खड्ड्याच्या काठाशी आले, आत वाकून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मराठी बोलले.

“सापडला,” ते म्हणाले.

जवानांनी असा जयघोष केला की तारेपलीकडची बैलजोडी उधळली. मी रडलो. लपवत नाही.

माती ड्रममध्ये भरून निघायला पाच आठवडे गेले. विहीर कितीदा उपसली, त्याची मोजदाद सिंधूबाईच ठेवत होती. मी निवृत्त झालो; जाण्याआधी दौलतची गोष्ट तिला सांगितली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

“साहेब, सरकारी कागद आला. पानी पास झालं. तुमी या, अन् त्या पोराच्या बापाले घेऊन या.”

बारा दगड कर्नलसाहेबांनी जाताना तिच्या विहिरीला देऊन टाकले होते. विहिरीभोवती तिनं ते घेऱ्यानं बसवले होते, कोरलेली बाजू वर. रामटेकहून मी दौलतच्या वडिलांना रिक्षानं आणलं. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं, आकड्यांच्या खाचांतून, दोनदा.

“छिन्नी माहीच होय,” ते म्हणाले. “सुट्टीत आला तवा घेऊन गेलता. वापस आनतो म्हने.”

सिंधूबाईनं त्याच स्टीलच्या डब्यातून पाणी दिलं. म्हाताऱ्यानं वास घेतला, पाणी प्यायलं, आणि डबा पुन्हा पुढे केला. तिनं भरला. मग ती म्हणाली, “पोळ्याले या दगडांले चुना लावीन म्हनते.”

“बाई, यांना काही लावू नका,” मी म्हटलं.

त्यांचं पाणी पिऊन होईतो मी उभा राहिलो, टाचा जोडून. मग दगड मोजले. बारा.

दौलत, इन्स्पेक्शन झालं. दगड परत ठेवले.