भोंगेकाकांनी गाळलेलं वाक्य

शहरात त्यांना सगळे भोंगेकाका म्हणत. पालिकेच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, हातात माइक धरून, गेली बावीस वर्षं ते लोकांना सूचना ऐकवत होते. रस्ता बंद आहे, लस टोचून घ्या, पाणी येणार नाही. सुट्टीच्या दिवशी तोच गळा गाद्यांच्या दुकानाच्या कामी येई. त्यामुळे "उद्या पाणी येणार नाऽऽही" हेसुद्धा असं खुशीत निघे, की ऐकणाऱ्याला वाटावं एकावर एक फुकट आहे.

त्यांची एक कला होती आणि तिचा त्यांना भारी तोरा होता. गल्ली सुरू झाली की मजकूर सुरू, गल्ली संपली की मजकूर संपला. टेम्पो थांबवायचा नाही, वेग बदलायचा नाही. लांब रस्त्याला सगळं, आखूड गल्लीला काटछाट. "अर्धं वाक्य कोपऱ्यावर सांडलं, की समजायचं माणूस नवशिका आहे," असं ते ड्रायव्हरला सांगत. ड्रायव्हर मान डोलवी. आठ वर्षं तो हेच ऐकत होता.

वादळाचा कागद हातात पडला तेव्हा काकांना हसूच आलं. समुद्र चारशे किलोमीटर लांब. शहरातल्या निम्म्या लोकांनी तो डोळ्यांनी पाहिलेलाही नाही.

"साहेब, इथवर येईपर्यंत दमेल हो बिचारं! स्टेशनवरून रिक्षा करावी लागेल त्याला."

पालिकेतले साहेब कमी बोलत, आणि जे बोलत तेही नाकातून. "वारा दमेल. पाणी दमत नाही. चारही वाक्यं वाचा. चौथं मुद्दाम घातलंय."

झाडाखाली गाड्या लावू नका. वीज जाईल, पिण्याचं पाणी भरून ठेवा. गच्चीवरचं आणि पत्र्याखालचं सामान खाली आणा. आणि चौथं: पाऊस थांबल्यावरही वरच्या भागातलं पाणी नाल्याने येईल, तळमजल्यावरचं सगळं सामान कमरेपेक्षा उंच ठेवा.

मोठ्या रस्त्यांवर चारही वाक्यं ऐटीत बसली. दुपारी टेम्पो नाल्याकडेच्या गल्लीत वळला. अकरा घरांची गल्ली, शहरातली सगळ्यांत आखूड. तिसरं घर काकांच्या थोरल्या बहिणीचं. खाली शिवणकामाची खोली, वर पत्र्याचा माळा. माळ्यावर दाजींनी चाळीस वर्षांत कापलेले खाकी कागदाचे साचे होते. प्रत्येकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव, माप आणि दाजींचा शेरा: 'डावा खांदा उतरता.' 'पोट आहे हे कबूल करत नाही, न विचारता दोन बोटं सैल.' दाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. शिवण्याचा हात ताईचा, पण कापण्याचा अजून दाजींचाच होता. ते साचे होते म्हणून दुकान होतं.

ताई दारातच उभी होती, ओठांत टाचणी धरून. टाचणी काढून ती ओरडली, "काय रे, वादळाचा सेल लागलाय का?"

गल्ली हसली. आता काका गप्प बसतील तर ते काका कसले! तिसरं वाक्य संपवून त्यांनी माइकवरच सुरू केलं, "शिवणवाल्या ताईंना खाऽऽस सूचना! आपला माळा म्हणजे पत्र्याचा पतंग आहे! दाजींची इस्टेट आजच खाली आणा, नाहीतर उद्या शेजारच्या गावात कोट शिवावे लागतील!"

एवढ्यात कोपरा आला.

"काका, चौथं राहिलं," ड्रायव्हर म्हणाला. "मागे घेऊ का?"

"पाऊस पडला की पाणी येतं, हे काय भोंगा लावून सांगायचं असतं? चल."

वादळ आलं ते खरोखरच दमून आलं. वाऱ्याने एक बोर्ड पाडला, दोन झाडं आडवी केली, वीज गेली. मग रात्रभर आणि सकाळभर नुसता पाऊस. दुपारी तो थांबला, ऊन पडलं, आणि लोक रस्त्यावर येऊन म्हणू लागले, "हेच का ते? याच्यासाठी मेणबत्त्या आणल्या आम्ही?"

चार वाजता नाला बघता बघता गल्लीत शिरला. कुणाला काही झालं नाही. माणसं वरच्या मजल्यांवर गेली. पाणी तासभर मांडीएवढं उभं राहिलं आणि निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी काका पोचले तेव्हा ताई जमिनीवर बसून चिखलातून कागद सोलत होती. वर माळ्याचा पत्रा जागच्या जागी होता. एक खिळासुद्धा हलला नव्हता. दारात शेजारीण तणतणत होती, "वरचं खाली आणा म्हणाले, आणलं. आणि खाली पाणी! अहो, आधी सांगायला काय झालं होतं?"

"माझ्या भावाला बोलायचं नाही," ताई म्हणाली. "कागदावर होतं तेवढं त्याने शब्दन्‌शब्द वाचलं. साहेबांनीच पाण्याचं लिहिलं नसेल. सकाळपासून सगळ्यांना हेच सांगतेय मी."

शेजारीण गेली. काकांना वाटलं, आपणही जावं. खिशात तो कागद अजून होता. त्यांनी तो काढून ताईपुढे धरला.

ताईने हात पदराला पुसले, चष्मा लावला, वाचलं. चौथं वाक्य तिने दोनदा वाचलं.

"याला किती वेळ लागला असता?"

"आठ-नऊ सेकंद."

"आणि मला जे बोललास त्याला?"

काकांनी मनातल्या मनात मोजलं. त्याहून जास्त.

"आम्ही हसलो रे," ती म्हणाली. "किती हसलो. हसतहसत मी सगळं खाली आणलं." मग कागद परत देत म्हणाली, "या लोकांना मी सकाळपासून खोटं सांगितलं. आता खरं कोण सांगणार? मी की तू?"

काका दहा दारांवर गेले. माइक नव्हता, त्यामुळे कुठे उगाच ओरडल्यासारखं झालं, कुठे ऐकूच गेलं नाही आणि पुन्हा सांगावं लागलं. एकाने दार लावून घेतलं. एका म्हातारबाबांनी शांतपणे विचारलं, "मग त्या दिवशी काय घाई होती?" टेम्पोला घाई नव्हती. पुढच्या गल्लीतही कुणी वाट बघत नव्हतं.

परत आले तेव्हा ताईने वर पाहिलं नाही. "ते टोक धर. हळू, फाटेल."

दोघांनी मिळून एक साचा उलगडला. बाही होती एवढं कळत होतं. पेन्सिलीचं लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं.

"कुणाची गं ही?" काकांनी विचारलं.

ताईने तो उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला.

"आता हे मी कुणाला विचारू?" ती म्हणाली, आणि पुढचा कागद सोलायला घेतला.