एकाच हाताची मूठ

अकोल्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा बाबांनी खिडकीतून माझा उजवा हात धरला आणि म्हणाले, "हात सांभाळजो." पोरीला जप म्हणायचं सोडून तिच्या हाताला जप म्हणणारा बाप अख्ख्या दर्यापूर तालुक्यात दुसरा नसेल. धाकटी बहीण वंदी माझी बॅग वर चढवून देऊन खाली उभी होती.

मी पिस्तूल शूटिंगसाठी पुण्याला निघाले होते. तुम्ही गावात मागे राहिलेले अजून विचारता, सुताराच्या पोरीला हे खूळ कुठून? कॉलेजसाठी आम्ही दोघी अमरावतीला मामाकडे राहायचो, तिथल्या एका क्लबात छर्र्याच्या पिस्तुलावर शिकलो. वंदी माझ्याहून सरस. तिचे पाचही छर्रे बाटलीच्या बुचाखाली झाकले जायचे, माझ्या छर्र्यांना ताटली लागायची.

मग क्लबात स्पर्धेचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आलं, जुनं, कोणीतरी वापरलेलं. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप आत बसते, पण चाप दर वेळी नव्याने ओढावा लागतो. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. नळी हाताला इतकी लागून की झटका जाणवतच नाही. नेम धरायची खाच स्क्रूने सरकते, चाप हलका-जड करता येतो. फक्त लाकडी मूठ फुटलेली होती. शिकवणारे सर म्हणाले, "तुमचे वडील सुतार ना?"

त्या वर्षांत बाबांकडे तिफन-वखर कोणी करायला टाकत नव्हतं. बैलच बाजारात गेले, तर तिफन कशाला? रिकाम्या हातांना काम मिळालं म्हणून त्यांनी सागाची मूठ केली ती जीव ओतून. गोल, गुळगुळीत, कोणाच्याही हातात बसेल अशी. नांगराचं रुमणं, कुऱ्हाडीचा दांडा, जन्मभर त्यांनी तसंच केलं होतं, कारण आज बाप धरतो, उद्या पोरगा धरतो. सर हसले. ही मूठ एकाच हाताची लागते, म्हणाले, बोटाबोटाला खाच हवी, हात तसूभर हलता कामा नये. शिवाय काडतुसं एकीपुरतीच मिळणार, तेव्हा एकीचं नाव द्या.

घरी ओसरीवर बाबा लाकूड आणि पटाशी घेऊन बसले. "कोनाचा हात घेऊ?"

वंदी आईकडे बघत होती. मी हात पुढे केला. झालं. भांडण नाही, रडणं नाही. बाबांनी माझ्या बोटांभोवती पेन्सिल फिरवली. आमचं आपसात ठरलंय, असंच त्यांना वाटलं असणार.

पुण्याच्या शूटिंग रेंजवरही त्याच बनावटीचं पिस्तूल होतं, त्याला ती मूठ बसली. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, एक गोळी, हात खाली. असं पाच वेळा. चौथी गोळी माझी वर्तुळाबाहेर जायची ती जायचीच. राज्याच्या संघात मी कधी आले नाही. आता त्याच रेंजवर नवशिक्यांना कानावर लावायचे इअरमफ देते, पीजीत राहते, माझं वऱ्हाडी 'करून राहिली' ऐकून पोरी हसतात तेव्हा मीही हसते. घर म्हणजे आता काय, तर न गेलं की करमत नाही आणि गेलं की ओसरीवर बसवत नाही.

वंदी लग्न होऊन दर्यापुरातच राहिली. लोकांच्या शेतात मजुरीने सोयाबीन सोंगायला, कापायला जाते. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेले, तर तिच्या पोरी दगडांनी चिंचा पाडत होत्या. एक दगड वाया जात नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "वंदी, पोरीला माझ्याकडे पाठव. मी शिकवते. रेंजवर सवलत मिळवून देते."

तिने सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"माह्याजवळ दोन हायेत, ताई. कोन्तीले नेशीन?"

दोघींना, म्हणायला मी तोंड उघडलं. पण आमच्या रेंजवर सवलत एका घरातल्या एकीलाच मिळते. मी सुपाकडे हात पुढे केला आणि तिच्यासोबत खडे वेचू लागले.