दमलेल्यांच्या बाई

आमच्या बाई वर्गात आल्या की आधी खाली बसत, खांबाला पाठ टेकवत, पाय लांब करत आणि सगळ्यांदेखत म्हणत, "मी आज दमलेय. तुम्ही?" मग एकेक जण सांगे. कुणी सकाळपासून कांद्याच्या खुरपणीला वाकलेली असे, कुणाच्या घरी पाहुण्यांची उठबस, कुणी नुसतीच मान हलवी. सगळ्यांचं सांगून झालं की बाई गुडघ्यावर हात रेटून उठत आणि शिकवायला लागत. शिकवणारं माणूस असं उघड दमलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावर. सरकारच्या साक्षरतेच्या योजनेत बायकांना शिकवायला माणसं हवी होती, तेव्हा हेडमास्तरांनी दोन नावं सुचवली. एक बाईंचं, कारण त्या झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि हयातभर त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला होता. दुसरं माझं, कारण मी बारावी झालेली सून होते आणि नाही म्हणायची मला सोय नव्हती. वर्ग भरायचा देवळाच्या सभामंडपात, दुपारची जेवणं उरकल्यावर आणि धारांची वेळ व्हायच्या आत. बाईंचे यजमान, ज्यांना गाव सर म्हणायचं, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. त्यांना भरवून, त्यांची कूस बदलून, शेजारणीला तिथं बसवून बाई येत. त्यांचं दमणं काय होतं ते मला ठाऊक होतं. तरी रोज ऐकून ऐकून मलाही ते सवयीचं झालं.

सुरुवातीला बाईंनी पहिलीचा वर्गच घेतला. टाळ्या वाजवत अक्षरांचं गाणं, चुकलं की उभं राहायचं, बरोबर आलं की शाबासकी. काही दिवसांतच मंडप निम्मा रिकामा झाला. सगळ्यांत आधी गेली कौसल्या. पन्नाशीची, नातवंडं असलेली, जिभेची तिखट. बाई मला घेऊन तिच्या वावरात गेल्या आणि बांधावर बसून त्यांनी सरळ विचारलं, का येत नाहीस. कौसल्यानं खुरपं थांबवलं नाही. म्हणाली, "बाई, घरात सून सांगती ते ऐकायचं, हितं तुमी सांगता ते. आमाला लेकरावानी नाचवू नका. आमी लई संसार केल्यात."

परत घराशी आल्यावर बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवलं, पण मोठ्या माणसाला कसं शिकवायचं ते मला येत नाही गं." बरं वाटावं म्हणून मी काहीतरी बोलले, पण त्यांनी ते ऐकलं नाही.

त्यानंतर त्यांचा एक धडा दुसऱ्यासारखा झाला नाही. एकदा त्यांनी मंडपाच्या खांबांना एसटीच्या पाट्या चिकटवल्या: राहाता, नेवासा, कोपरगाव, श्रीरामपूर. ज्या गावाला जायचं त्या खांबाशी जाऊन उभं राहायचं. चुकीच्या गाडीत चढलेली हसत परत यायची. एकदा घरातून सरांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणली आणि त्यांवरच्या देवनागरी नावांवरून अक्षरं शिकवली. एकदा जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या. बायका म्हणत गेल्या, बाई फळ्यावर लिहीत गेल्या आणि आपल्याच तोंडचं बोलणं फळ्यावर बघून बायका उठून फळ्यापाशी आल्या. कौसल्या त्याच आठवड्यात परत आली. कुणी तिला काही विचारलं नाही.

हे सगळं गोळा करताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. गोठा, स्वयंपाक आणि वर पाट्या कापणं. ओव्यांचा धडा इतका रंगतो तर रोज तोच घेऊ, असं मी एकदा म्हटलं. बाई म्हणाल्या, "कुठलीही युक्ती सोमवारी चालते आणि गुरुवारी झोप आणते. त्या उन्हातून आल्यात. डोळा लागला तर त्यांचा दोष नाही, आपला."

या सगळ्या युक्त्यांना एकटीच दाद देत नव्हती, ती हिराबाई. वयानं बाईंच्याच बरोबरीची, सगळ्यांआधी येऊन सगळ्यांमागे बसणारी. ओव्या तिला सर्वांत जास्त येत, पण फळ्यावरचं एक अक्षर ओळखत नसे. पाट्यांच्या खेळात ती दुसरीचा पदर धरून जायची. बाईंनी तिला जवळ बसवलं, घरी बोलावलं, हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तऱ्हेतऱ्हेनं सांगून पाहिलं. एका दुपारी, सरांना आदल्या दिवशी ताप भरलेला असताना, बाई तिच्यावर चिडल्या. लक्षच द्यायचं नसेल तर येतेस कशाला, असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सगळ्यांआधी येऊन बसली होती.

पुढे कधीतरी बाईंनी पाठीवर अक्षरं काढायचा खेळ काढला. एकीनं दुसरीच्या पाठीवर बोटानं अक्षर गिरवायचं, तिनं ओळखायचं. बायकांना गुदगुल्या होत होत्या, मंडपभर हसू चाललं होतं. हिराबाईच्या पाठीवर कौसल्या अक्षरं काढत होती आणि हिराबाई एकामागून एक सांगत होती. क, म, ल, र. एकही चुकलं नाही. बाई हसता हसता थांबल्या. त्यांनी पाटीवर मोठा 'क' काढला आणि तिच्यासमोर धरला. तिला ते ओळखता येईना. पाटी जवळ नेली, आणखी जवळ नेली, नाकाला लागेस्तोवर नेली.

"हिराबाई, तुला दिसत नाही का गं?"

हिराबाईनं पदर तोंडाला लावला. "कुनाला सांगू नका. दिसत न्हाई म्हनलं तर सुना चुलीपाशी जाऊ द्यायच्या न्हाईत. मग मी घरात करू काय?"

चूल, गोठा, आडाची वाट, सगळं ती अंदाजानं आणि हातानं करत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. बाईंनी तिच्या मुलाची समजूत काढली. सुनांशीही बोलल्या, काय बोलल्या ते मला कळलं नाही. नगरला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं बाई स्वतः तिला घेऊन गेल्या आणि सरांजवळ मी बसले. मोतीबिंदू फार पिकला होता. ऑपरेशननं एक डोळा वाचला, दुसऱ्याचं काही करता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी हिराबाई काळा चष्मा लावून वर्गात आली. बाई नेहमीसारख्या पाय लांब करून बसल्या होत्या. हिराबाई त्यांच्यासमोर बसली, चष्मा काढला आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. आम्हाला वाटलं, आता आभार मानेल. ती म्हणाली, "बाई, तुमी खरंच लई थकल्या वो. मला वाटायचं, नुसतं बोलायला बोलता."

बाईंनी मान फिरवली. त्या दिवशीचा वर्ग मी घेतला.

त्या वर्षाच्या शेवटी सर गेले. आता बाईंना वेळच वेळ, असं गाव म्हणू लागलं, पण बाई वर्गात आल्या नाहीत. मी बोलवायला गेले तेव्हा खाटेवर पडून होत्या. म्हणाल्या, "त्यांना उठवायचं म्हणून मी उठत होते. आता उठवत नाही." मग बायकाच त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. मी बाहेर शिकवायचे, बाई आत पडून ऐकायच्या. मी तेच तेच घेऊ लागले की आतून आवाज यायचा, "अगं, झोपल्या असतील त्या. उभ्या कर." पण बाहेर त्या आल्या नाहीत. पावसाळ्याआधी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि आम्ही पुन्हा देवळात आलो. अधूनमधून त्यांचा फोन येई. आज काय घेतलंस, असं विचारत. नवीन काही घेतलेलं नसलं की मी सांगे, नाही घेतलं. त्या म्हणत, बरं.

थंडीत एका दुपारी वर्ग चालू असतानाच त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मी बायकांना सांगितलं. कुणी उठून घरी गेलं नाही, कुणी मोठ्यानं रडलंही नाही. कौसल्यानं विचारलं, "बाईंचं नाव काय हुतं वो?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतक्या दिवसांत त्यांच्यापैकी कुणीच ते विचारलं नव्हतं. गावात त्या बाई होत्या आणि त्यांच्या दारावर पाटी होती ती सरांच्या नावाची.

"सुमन," मी म्हटलं.

हिराबाई उठली. फळ्याला नाक लावून, एका डोळ्यानं बघत, तिनं एकेक अक्षर काढलं आणि मागे सरून मोठ्यानं वाचलं. तिनं उकार दीर्घ दिला होता. पहिला उकार द्यायचा, मी म्हटलं. तिनं पदराच्या टोकानं तेवढीच खूण पुसली आणि पुन्हा खडू टेकवला.