ओड्री आणि ओढ रे

पोरांनो, हे दोघांनी मिळून वाचा, आणि येत्या रविवारच्या आत वाचा. थोरल्यानं घरामागचं कुंपणावर कललेलं झाड स्वतः पाडायचं ठरवलं आहे, त्यासाठी यांत्रिक करवत विकत आणली आहे, आणि सल्ला विचारला तो माझ्या धाकट्या दिराला. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘झुकलंय तिकडंच पडतंय. मागून घाल करवत. घाबरायलास कामून?’ त्यात एक शब्दही धड नाही. तुमच्या या चुलत आजोबांनी आयुष्यभर झाडं पाडली ती दुसऱ्यांच्या हातांनी. एकदाच स्वतः हात लावला, आणि त्या दिवशी मी तिथं होते. म्हणून आता लिहिते आहे. त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

मुडबीच्या आमच्या शेतात बांधावर एक कडुनिंब होता, विहिरीच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर कललेला. दिरांनी तो पाडायला आळंदकडचा एक माणूस बोलावला. पन्नाशीचा, घरात कन्नड बोलणारा, मराठी कामापुरती. करवतीचं मशीन जमिनीवर ठेवून त्यानं आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. कल किती, फांद्यांचं ओझं कुठल्या अंगाला, वारा कुठून, वर वाळकी फांदी अडकली आहे का, सगळं पाहिलं. मग स्वतःला पळायची वाट साफ केली. झाडाच्या सरळ मागे नव्हे, तर मागे आणि तिरकी.

मी विचारलं तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. कललेल्या झाडाच्या पाठीचं लाकूड ताणलेलं असतं. मागून सरळ कापत गेलं तर खोड मध्येच उभं चिरतं आणि चिरलेला भाग कापणाऱ्याच्या अंगावर उसळतो. म्हणून जिकडं पाडायचं तिकडून आधी उथळ खाच घ्यायची. तिच्यामागे बिजागरीसारखी लाकडाची पट्टी सोडून करवतीचं टोक खोडात बाजूनं आरपार घालायचं आणि मागे कापत यायचं, पण पाठीला थोडं लाकूड राखायचं. तेवढं राखलेलं सगळ्यात शेवटी तोडायचं आणि ठरलेल्या वाटेनं निघायचं. टोक घुसवताना त्याची वरची कड लागली तर मशीन तोंडावर येतं. थोरल्या, हे सगळं तू करावंस म्हणून सांगत नाही. तू करू नयेस म्हणून सांगते आहे.

“कलाच्या उलट न्हाई जात, अक्का,” तो म्हणाला. “थोडं बाजूला वळतंय. खोलीवरचे पत्रे काढून ठेवा.”

“पत्रेच काढायचे तर तुला कामून बोलावलं?” दीर म्हणाले. “मी दोर लावून ओढतो.”

“दोर झाडाच्या दुप्पट पायजे, अप्पा.”

दोर मी पाहिला. “भावजी, हा झाडाएवढा पण न्हाई.”

मी शाळेत शिकवत असतानाची माझी जुनी शिट्टी बरोबर नेली होती. मशीनच्या आवाजात बोलणं कळत नाही, तेव्हा एक शिट्टी म्हणजे ओढा आणि दोन म्हणजे सगळं टाकून पळा, असं मी सुचवलं. त्या माणसानं लगेच मान डोलावली.

“वैनी, शाळा सुटली तुमची,” दीर म्हणाले. “आता लिंबाची पी. टी. घ्यायलात का?”

बांधावरचे गडी हसले. मी शिट्टी पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि त्या माणसानं दाखवलेल्या लांबच्या जागी जाऊन तोंड मिटून उभी राहिले. ही माझी चूक, आणि ती मी इथं लिहून ठेवते. मी राग धरला. त्या माणसाचीही चूक आहे. आखूड दोर पाहून त्यानं मशीन सुरूच करायला नको होतं.

दिरांनी दोराचं टोक कमरेला गुंडाळलं. असं कुणी करत नाही. बिजागरीचं लाकूड एका बाजूनं आधीच तडकलं, वाऱ्यानं शेंडा फिरवला आणि झाड खोली सोडून दोराच्या दिशेनं वळलं. तो माणूस मशीन टाकून आपल्या वाटेनं पळाला आणि पळता पळता ओरडला, “ओड्री! ओड्री!”

म्हणजे कन्नडमध्ये, पळा.

दीर आळंदच्या बाजारात तूर विकताना तासन्‌तास कन्नडमध्ये हुज्जत घालतात. त्या क्षणी मात्र त्यांच्या कानांनी मराठी ऐकली. ओढ रे, ओढ रे. त्यांनी टाचा रोवल्या आणि सगळा जीव लावून झाड स्वतःवर ओढून घेतलं.

बुंधा त्यांच्यापासून हातभर लांब पडला. एक जाड फांदी उजव्या गुडघ्यावर आली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांची पहिली तक्रार काय होती, ऐका. “वरून मला ‘रे’ म्हटला तो!”

तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात, की त्यानंच ओढ म्हटलं. त्या माणसाला मुडबीच्या शिवारात आता कुणी बोलावत नाही. तो काय ओरडला ते मी चार लोकांत सांगितलं, म्हणून दीर माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. चहा हवा का, हे आम्ही जावेच्या तोंडून विचारतो.

तू ती करवत दुकानात परत दे. झाडासाठी शिकलेला माणूस बोलाव, आणि तो सांगेल तिथं उभा राहा. त्यानं कुंपण काढायला सांगितलं तर काढ.

दिरांचा पाय अजून आहे. गुडघ्यात वाकत नाही, पण आहे.