एकोणीस नंबरची गोटी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका यात्रेतली दंगलही पाहिली. ते सगळं आता एकात एक मिसळून गेलंय. पण एक घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि तिच्यात ना कुणाचं डोकं फुटलं ना कुणाचं घर. तिच्यात होती एक गोटी. पोरांच्या खेळातली नव्हे, रॅचेटच्या दांड्याला लावून नट खोलतात ती लोखंडी गोटी. तेव्हापासून मला खोडच लागली. हार्डवेअरच्या दुकानात शिरलो की गोट्या हातात घेऊन बघत बसतो. घरचे वैतागतात, पण या वयात मी काही सुधारत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. मी फौजदार होतो आणि माझं ठाणं उदगीरच्या अंगाला होतं. आमची हद्द संपली की मुखेड तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. साल दुष्काळाचं होतं. विहिरी आटल्या होत्या आणि गावंच्या गावं हापशावर जगत होती. दुपारपर्यंत उपसा झाला की बोअरचं पाणी तुटायचं. मग लोक रांगेत घागरी ठेवून घरी जायचे आणि ऊन उतरलं की परत यायचे. घागर म्हणजे नंबर, आणि त्या नंबरावरून भावाभावांची भांडणं ठाण्यात आलेली मी पाहिली आहेत.

एके संध्याकाळी हद्दीवरच्या एका गावाचे पोलीस पाटील ठाण्यात आले. माणूस उत्साही, मिशांना पीळ देणारा, कुणाच्याही कामाला धावणारा. त्या दिवशी मात्र घाम पुसत होते. भर दुपारी, रांगेत फक्त घागरी असताना, कुणीतरी गावचा हापसा उघडला होता. आतली सळई पाइपात गेली होती आणि गावाला पाण्याचा थेंब नव्हता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. जाताना पाटील माझ्या टेबलापाशी थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, वस्तीतल्या मेकॅनिकला विचारा. काल उदगीरच्या बाजारात एकोणीसची नवी गोटी घेतली त्यानं. हापशाच्या नटाला तीच लागते."

हा मेकॅनिक बौद्ध वस्तीतला. नव्या जिल्ह्यात हापसे दुरुस्त करणारी पथकं निघाली, त्यात तो हंगामी लागला होता. घरात पहिलीच सरकारी नोकरी, आणि कायम होण्याचं घाटत होतं. गुन्हा नोंदला गेला असता तर कायम होणं राहिलं बाजूला, दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि त्याच्याविरुद्ध बोलायला गावाकडे कारणही होतं. दोनच दिवसांपूर्वी रांगेत कुणीतरी त्याच्या आईची घागर उचलून मागे ठेवली होती. तेव्हा तो चारचौघांत बोलून गेला होता की मी हापसा खोलून ठेवला तर सगळेच कोरडे बसाल. रागाचं बोलणं, पण दुष्काळात लोक असलं विसरत नाहीत.

सकाळी पंच घेऊन गेलो. हापशाचं डोकं उघडं पडलेलं, साखळी लोंबत होती. पंचनामा लिहिताना माझी नजर नटांवर गेली. चारही नटांचे कोपरे मारले गेले होते. षटकोनी नट जवळजवळ गोल झाले होते. एका नटाला चांदीसारखा पातळ पापुद्रा चिकटला होता. माझा हवालदार म्हणाला, साहेब, नट काय बघून राहिलात, माणूस समोर हाय, उचलू. जमावही तेच म्हणत होता, जरा मोठ्या आवाजात. मला मात्र तो पापुद्रा सोडवत नव्हता. नट आणि पापुद्रा दोन्ही मुद्देमालात घेतले.

मेकॅनिकला ठाण्यात आणलं, पण फिर्याद मी थांबवून ठेवली. त्यानं काहीच नाकारलं नाही. हाव, आईच्या घागरीवरून बोललो. हाव, गोटी घेतली. पथकाच्या पेटीतली झिजली होती, म्हणून पदरमोड करून घेतली. मी ती मागितली. पिशवीतून कागदात गुंडाळलेली निघाली. राखाडी, बिनचमकेची, दिसायला अगदी गरीब. जप्त केलेला एक नट तिच्यात बसवून पाहिला. कोपरे गेलेला नट, तरी उरलेल्या सपाट बाजूंना गोटीनं धरलं. मग जीपचा धड नट घातला, तर तो तसूभर हलेना. या गोटीनं ते नट गोल झाले असतील हे पटेना. पण मला न पटणं म्हणजे पुरावा नव्हे. त्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि जीप काढून उदगीर गाठलं.

दुकानदार बोलका निघाला. लोखंडाच्या बाजारात जन्म गेलेला, बोलण्यात निम्मं दखनी, मधेच कानडी. गोटी कशी पारखायची एवढंच मी विचारलं, तर त्यानं गल्ल्यावरून उठून दोन गोट्या माझ्या हातात ठेवल्या. एक राखाडी, दुसरी आरशासारखी लखलखीत. लखलखीत दिसली की गिऱ्हाईक भुलतं, म्हणाला. त्यानं दोन्ही गोट्या फरशीवर टाकल्या. राखाडी खणकन वाजली, दुसरी थप्प पडली. मग कानस घेतली. राखाडीवरून कानस घसरली, चमकणारीत रुतली आणि पॉलिशचा पापुद्रा सुटला. माझ्या खिशातल्या पुडीत होता तसाच. आत बोट घालून भिंत सगळीकडे सारखी जाड आहे का बघायचं, हे त्यानं मला करायला लावलं. चमकणारीची एक बाजू जाड, दुसरी कागदासारखी.

मला गंमत वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, मग जेवढी कडक तेवढी चांगली का? तो हसला. "न्हाई साहेब. लई कडक असली की तडकते, मऊ असली की पसरते. बराबर पाणी दिलेली, म्हंजे तापवून विझवलेली पाहिजे."

बाजाराच्या दिवशी एकोणीसची कुणाकुणाला विकली, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. दोघांना, म्हणाला. एक पोरगा तासभर दहा गोट्या वाजवून राखाडी घेऊन गेला. त्याच्या शेजारी मिशावाले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी चमकणारी उचलली. ही नका घेऊ असं दुकानदारानं सांगितलं, तर म्हणाले, मला शिकवू नको, मी पोलीस पाटील हाय.

परत येताना जीपमध्ये मी हिशोब जुळवला. मेकॅनिकनं कोणती गोटी घेतली हे पाटलांना ठाऊक होतं, कारण ते त्याच्या शेजारी उभे होते. ही साधी गोष्ट त्यांनी सांगताना गाळली होती.

सरळ पाटलांच्या घरी गेलो. चहा झाला. जीपचा नट ढिला झालाय, रॅचेटचा सेट असेल तर द्या, म्हणालो. नाही म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही. पेटी आली. सगळ्या गोट्या आपापल्या खाचेत, एकोणीसची खाच रिकामी.

"एकोणीस कुठंय, पाटील?"

ती मागंच नांदेडला हरवली, म्हणाले.

"मग परवा घेतलेली?"

पाटील खाली बसले. मग उठून धान्याच्या कणगीमागून गोटी काढून आणली. तोंडाला चीर गेलेली, पॉलिश सुटलेलं.

त्यांचा जबाब ऐकून मला राग यावा की हसू, कळेना. हापशाला पाणी कमी येत होतं. जुन्या जिल्ह्यात गेले तर म्हणाले, तुम्ही आता लातूरचे. लातूरला गेले तर म्हणाले, तुमच्या गावचे कागद अजून आले नाहीत. मेकॅनिकला सांगितलं, तर तो म्हणाला, बिनाआर्डरचा हात लावला तर माझी नोकरी जाईल. पाटलांना तो अपमान वाटला. गावासाठी आपणच करू, म्हणून भर उन्हात एकटे गेले. गोटी घसरली तशी जोर लावत गेले. साखळीचा बोल्ट काढताना सळई धरून ठेवायची असते हे त्यांना माहीतच नव्हतं. ती सरकन आत गेली. ते घाबरले आणि बोल्ट खिशात घालून घरी आले. संध्याकाळपर्यंत गाव पेटलं होतं, आणि ठाण्यात येऊन जे नाव तोंडात आलं ते त्यांनी घेतलं.

हापसा खोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण एका माणसाची भाकरी जाता जाता राहिली होती, आणि मी तसं पाटलांना तोंडावर सांगितलं. जे मला सांगितलंत ते हापशापाशी लोकांसमोर सांगा, म्हटलं. हे मात्र त्यांनी मुकाट केलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. मी मेकॅनिकच्या साहेबांना फोन लावून तोंडी आर्डर घेतली आणि त्याला जीपमधून घेऊन आलो.

पाटील बोलले. गाव खाली बघत राहिलं. मेकॅनिकनं सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पाटील, हापसा खोलला त्याचं काय न्हाई. नाव घ्यायची वेळ आली तवा तुमाला माझंच सुचलं, ते लागलं."

पाटलांनी खिशातला बोल्ट काढून त्याच्या हातावर ठेवला. मेकॅनिकनं पाइपात आकडा सोडला, सळई वर ओढली, बोल्ट बसवला आणि दिवस मावळायच्या आत पाणी आलं. घागरी पुढे सरकल्या. पाटलांबद्दल मी प्रांतांकडे अहवाल पाठवला, त्यांना ताकीद मिळाली.

गोटी पारखायला मी एका दुपारी शिकलो. माणसांच्या बाबतीत या प्रकरणानं एकच शिकवलं. घाबरलेला माणूस विचार करून नाव घेत नाही. जीभ ज्या वाटेनं रोज जाते त्याच वाटेनं जाते. पुढं प्रत्येक फिर्यादीत पहिलं नाव ऐकलं की मी विचारायचो, हेच का? पुष्कळदा समोरच्याला सांगता यायचं नाही.

मेकॅनिक वर्षभरात कायम झाला आणि आईला घेऊन लातूरला राहायला गेला. गावचा हापसा बिघडला की आर्डर घेऊन यायचा. एकदा भर उन्हात तो मला फाट्यावर पेटीवर बसलेला दिसला. एस.टी.ला अजून बराच वेळ होता, आणि गावातलं त्याचं जुनं घर तिथून दिसत होतं. जीप थांबवून विचारलं, घरी सावलीत का बसत नाहीस?

"तिथं बसलं की लोक गोड बोलायला येतात, साहेब," तो म्हणाला. "ते ऐकवत न्हाई."

मी त्याची पेटी जीपमध्ये ठेवली आणि त्याला उदगीरपर्यंत सोडलं.