जनार्दनची मशीन आणि माझी पोटदुखी

"बाळू, ही बरोबर हाय ना?" जनार्दनने नवीकोरी मशीन माझ्या हातात दिली. स्क्रू मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, वर झाकणाची पेटी. पत्र्याच्या कामाला, तेही नवख्या माणसाला, ती चुकीची होती. मला एका नजरेत कळलं. आणि मी म्हणालो, "एक नंबर!"

असं का बोललो ते सांगतो.

पडघ्याजवळच्या आमच्या गावात मी पत्रे बसवायचं काम करतो. सव्वीस वर्षं झाली. माझी मशीन वायरवाली, वायरीला तीन ठिकाणी टेप. जनार्दन माझा शाळेतला दोस्त. नारपोलीतले कापडाचे लूम त्याने विकले, रस्त्यालगतची जमीन गोडाऊनला दिली. आता भाडं येतं आणि ह्याला वेळच वेळ. गच्चीवर पत्र्याची शेड करायची होती, मुलीच्या शिलाई मशिनी ठेवायला. तर म्हणे, "मी स्वतः करणार. मोबाईलवर सगळं दाखवतात." मला बोलावलं ते फक्त हत्यारं बघायला. वा रे वा! सव्वीस वर्षं उन्हात भाजलो, आणि काम काय, तर ह्याचा बाजार तपासायचा.

खाटेवर सगळं मांडलं होतं. मी जे एकेक करून वर्षानुवर्षं जमवलं, ते ह्याने एका दुपारी आणलं. ग्राइंडर मी बाजूला ठेवायला लावला. ग्राइंडरने पत्रा कापला की ठिणग्यांनी रंग जळतो आणि कडेला गंज धरतो, म्हणून पत्र्याची कातरी घे म्हटलं. सेफ्टी बेल्टही घ्यायला लावला. इथपर्यंत मी माणसासारखा वागलो. मग ती मशीन निघाली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

पत्र्याच्या स्क्रूला रबरी वॉशर असतो. तो जेमतेम दबला पाहिजे, तरच पाणी अडतं. त्यासाठी स्क्रूगन घ्यायची, माझ्याकडे आहे तशी. ती ठरवून दिलेल्या ठिकाणी आपोआप थांबते. इम्पॅक्ट ड्रायव्हर हाणतच राहतो. हात बसलेला असेल तर ठीक, नाहीतर वॉशरची वाट लागते. त्यात जनार्दन जुना लूमवाला. लूम चोवीस तास हादरतो, म्हणून तिथे प्रत्येक नट जीव खाऊन आवळायचा. हा काही ढिलं ठेवणारच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी गप्प बसलो. म्हटलं, गळू दे. येईल मग माझ्याकडे.

पंधरा दिवसांनी त्याने शेड बघायला बोलावलं. स्क्रूच्या ओळी इतक्या सरळ, की माझ्याही येत नाहीत. आणखी जळलो. शिडीने वर चढलो. प्रत्येक स्क्रूखाली रबर चेपून बाहेर आलेलं. पहिला पाऊस कदाचित निघाला असता. पण पुढे उन्हाने ते रबर तडकतं आणि गळती सुरू होते. तेव्हा दोष द्यायला माझं नाव कोणी घेतलं नसतं.

खाली त्याची मुलगी मानसी मशिनी पुसत होती. "काका, गळणार नाय ना? लोकांचे लग्नाचे ब्लाउज हायेत. एक डाग पडला तर परत काम कोण देईल मला?"

मी खाली उतरलो. "जना, स्क्रू बदलायला लागतील. सगळे."

"का? तूच बोललास ना, एक नंबर?"

"चुकलो."

"सव्वीस वर्षं हाच धंदा करतोस. तू चुकला न्हायस, बाळू. जळलास."

मानसी समोरच उभी होती. मला मान वर करवेना. "हो," म्हटलं.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच बोलला, "जा, तुझी मशीन आण." एकदा पडलेल्या भोकात तोच स्क्रू नीट धरत नाही, म्हणून थोडे जाड स्क्रू आणि नवे वॉशर आणले. दोघांनी मिळून दिवसभर बदलले. मानसीने दोनदा चहा आणला. जनार्दन कामापुरतं बोलला.

पावसाळा गेला. शेड एक थेंब गळली नाही. मानसीने तिसरी मशीन घेतली. जनार्दन आता गोठ्यावर पत्रे टाकतोय. त्यासाठी त्याने स्क्रूगन घेतली, चांगली घेतली. मी रस्त्यावरूनच बघितली. मला विचारलं नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी आता एकच सांगतो. कोणी हत्यार दाखवायला बोलावलं आणि आपल्या पोटात दुखायला लागलं, तर म्हणायचं, "उद्या सांगतो."