उदो म्हणणारं मशिन

“आज ह्याला हात लावायचा न्हाई. आज खंडेनवमी हाय,” नथूभाऊ म्हणाले आणि त्यांनी हळदकुंकवाचं ताट थेट माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलं.

मला पटकन बोलता येत नाही. त्यातून नथूभाऊ आमच्या शॉपचे फोरमन आणि वयाने माझ्या वडिलांएवढे. पण थोड्याच वेळात मुंबईहून बाटलीवाला साहेब येणार होते, ते फक्त हा कॉम्प्युटर ऐकायला. तो बोलला तर आमच्या कंपनीला ऑर्डर मिळणार होती. ऑर्डर मिळाली तर मी कायम होणार होतो. आमचे मालक केळकर साहेब यांनी हे मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. तिसरं वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं, पण ते मला समजलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लोणावळ्यातली आमची कंपनी लहान होती. कारखान्यांसाठी अलार्म बनवायची. मी कार्ल्याचा, घरी भातशेती. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला पहिलाच. सकाळी लोकलने पुण्याला डिप्लोमाच्या वर्गाला जायचं आणि दुपारनंतर इथे ट्रेनी म्हणून काम करायचं, असं माझं चाललं होतं.

बाटलीवाला साहेबांच्या कारखान्यात बॉयलर होता. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की घंटा वाजायची. घंटेचा उपयोग होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. का होत नाही, ते आम्ही विचारलं नाही. केळकर साहेबांनी सांगून टाकलं, “आम्ही तुम्हाला बोलणारा अलार्म देतो.” आणि संध्याकाळी मला विचारलं, “देता येईल ना रे?”

मी “बघतो” म्हणालो. हा शब्द मी फार वापरतो.

त्यासाठी बाहेरून एक कॉम्प्युटर मागवला होता. टेबलावर मावणारा, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याला मी असेंब्लीत प्रोग्राम लिहिला. असेंब्ली म्हणजे मशिनच्या अगदी जवळची भाषा. तिच्यात ‘बोल’ अशी आज्ञाच नाही. आहेत त्या अशा: हा आकडा उचल, त्या खणात ठेव, एकाने कमी कर, शून्य झाला नसेल तर मागे जा. एक साधा ‘आ’ काढायला अशा आज्ञांची रांग लागते. वडिलांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी भात लावल्यावानी. एक काडी, मंग दुसरी काडी, आन् मागंमागं सरकायचं.” मला याहून चांगलं अजून सांगता आलेलं नाही.

आवाज माझाच होता. मी टेपवर एकेक ध्वनी म्हटला, त्याची लाट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिली आणि तिचे चढउतार आकडे करून मेमरीत भरले. इंग्रजी अक्षरं टाइप केली की प्रोग्राम शब्दाचे तुकडे करायचा, प्रत्येक तुकड्याचे आकडे शोधायचा आणि स्पीकरकडे पाठवायचा. स्वर सोपे, कारण तीच लाट पुन्हा पुन्हा द्यायची असते. व्यंजनांनी मात्र माझा जीव घेतला. ‘स’ म्हणायला लावला की कढईत फोडणी टाकल्यासारखं वाटायचं. बाटलीवाला साहेबांना ऐकवायचं वाक्य होतं, ‘बॉयलर वॉटर लो’. अनेक महिन्यांच्या मेहनतीनंतर ते कणगीत पडलेल्या माणसाने आतून हाक मारावी, तसं ऐकू येत होतं. पण ऐकू येत होतं.

आणि आता शेजारी हळदकुंकू होतं.

केळकर साहेब लगबगीने आले. “नथूभाऊ, एवढं एक मशिन चालू राहू द्या. पाहुणे येतायत.”

“साहेब, हत्यार आज पूजत्यात, वापरत न्हाईत. लेथला माळ घातली, ड्रिलला घातली. ह्यालाच येगळा न्याय का?”

“अहो, हे हत्यार नाही. हे बोलतं!”

नथूभाऊंनी विचार केला. “बोलतं? मंग हत्यार न्हाई. मंग त्यो कामगार झाला.”

“तेच तर म्हणतोय मी!”

“मंग कामगाराला आज सुट्टी हाय, साहेब.”

मागे उभी असलेली सगळी मंडळी हसली. केळकर साहेब माझ्याकडे वळले. “तू गप्प का? बोल ना काहीतरी!”

मी घाबरत म्हणालो, “भाऊ, सुट्टी असून तुमी समदे आलायच की.”

“पूजेला आलोय. कामाला न्हाई.”

“मंग हे पण पूजेला आलंय, असं धरलं तर?”

मला वाटलं, आता मार बसणार. पण नथूभाऊ गंभीर झाले. “पूजेला आलं असंल, तर उदो म्हनंल का?”

आमच्या गावाच्या डोंगरावर एकवीरा आईचं देऊळ आहे. एकाने ‘एकवीरा आईचा’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘उदो, उदो’, अशी रीत. मी मनात हिशेब केला. उ आणि ओ, दोन्ही स्वर. मध्ये द, म्हणजे क्षणभर शांतता आणि मग एक धक्का. बॉयलरपेक्षा किती तरी सोपं.

“म्हनंल,” मी म्हणालो.

“एकदाच म्हनून भागायचं न्हाई. पूजा हुईस्तवर म्हनलं पायजे.”

म्हणून मी ‘उदो’ टाइप केलं आणि प्रोग्रामच्या शेवटी एक आज्ञा घातली: पुन्हा सुरुवातीला जा. थांबायची आज्ञा घातली नाही, कारण थांबवायला रीसेटचं लाल बटण होतंच. मी प्रोग्राम सुरू केला.

“उ-दो. उ-दो.”

लोकांनी डोक्यावरच्या टोप्या नीट केल्या आणि हात जोडले. नथूभाऊंनी कान देऊन ऐकलं. “आवाज आपल्या गावाकडचा वाटतुया,” ते म्हणाले. मग त्यांनी पडद्याला कुंकू लावलं. बटणांच्या ओळीला हळद लावली. रीसेटच्या बटणाला कुंकवाचं विशेष मोठं बोट लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. प्लगलाही हळदकुंकू लावलं. मेन स्विचला आंब्याच्या पानांची माळ घातली. सगळ्यावर अक्षता टाकल्या.

“झालं. आता उद्या सकाळी उत्तरपूजा हुईस्तवर जे जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लेथ बंद असताना पुजला होता, म्हणून तो बंद राहणार होता. माझं मशिन बोलत असताना पुजलं गेलं होतं.

बाटलीवाला साहेब आले. केळकर साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात प्रसाद दिला आणि माझ्या कानाशी लागले. “बंद कर आणि बॉयलर लाव.”

“साहेब, रीसेटवर फूल आहे.”

“मग उचल ते!”

“तुम्ही उचलता का, साहेब?” मला उर्मटपणा करायचा नव्हता. मला खरंच विचारायचं होतं.

केळकर साहेबांनी हात पुढे केला. सगळं शॉप त्या हाताकडे बघत होतं. हात फुलापर्यंत गेला. त्यांनी फूल जरा सरळ केलं, नमस्कार केला आणि हात मागे घेतला.

“उ-दो. उ-दो.”

दुसरी अडचण मला आधी सुचली नव्हती. नुसतं ‘उदो’ कोणी म्हणत नाही. आधी ‘एकवीरा आईचा’ आलं पाहिजे. मशिनला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते कोणासाठी थांबत नव्हतं. मग नथूभाऊच मधल्या फटीत ओरडू लागले. “एकवीरा आईचा!” “उ-दो. उ-दो.” “एकवीरा आईचा!” चहा येईपर्यंत त्यांचा घसा बसला. त्यांनी ड्रिलवाल्याला खूण केली. ड्रिलवाल्याने पेंटरला. पुढे तर शिफ्टच लागल्या. एक पाळी केळकर साहेबांनीही केली. त्यांचा उच्चार शुद्ध होता, पण वेग कमी पडला.

मी खाली बघत उभा होतो. दिवाळीनंतर आपण कुठे काम शोधायचं, याचा विचार करत होतो.

बाटलीवाला साहेबांनी कपबशी खाली ठेवली. “केळकर, हे बंद कधी होते?”

“उद्या सकाळी,” केळकर साहेब कसनुसे हसले.

“बटन नाय काय याला?”

“आहे. त्या फुलाखाली.”

“आणि कोणी दाबत नाय?”

“नाही.”

“प्लग खेचायचा.”

“त्यालाही हळद लागलीय.”

बाटलीवाला साहेब नथूभाऊंकडे वळले. “तुमाला त्रास नाय होत?”

“लय व्हतोय, साहेब,” नथूभाऊ बसलेल्या घशाने म्हणाले. “पर बंद कोन करनार?”

साहेबांनी एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा मेन स्विचवरच्या माळेकडे. मशिन बोलत होतं. मग ते म्हणाले, “माझ्या बॉयलर हाउसमधे मी घंटा लावली, माझ्याच माणसांनी कटकट नको म्हणून वायर काढली. मी वायर पेटीत घातली, त्यांनी पेटीचा कुलूप तोडला. नवी घंटा आणली, तर तिच्यात गोणपाटाचा बोळा. बॉयलर एकदा कोरडा पडायचा बाकी होता, केळकर. माणसं मेली असती. आणि बोळा तसाच आत! मला बोलणारा अलार्म नको होता. कोणी बंद करणार नाय असा पायजे होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे ऑर्डर लिहा. आधी हे उदो, मग पाण्याचा. आणि बसवायला हा तुमचा फोरमन पायजे. ताट घेऊन.” मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हा छोकरा कोण?”

केळकर साहेब क्षणभर थांबले. “आमचे इंजिनिअर,” ते म्हणाले. सकाळपर्यंत मी ‘अरे’ होतो.

‘बॉयलर वॉटर लो’ त्या दिवशी कोणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नथूभाऊंनी उत्तरपूजा केली, फूल उचललं आणि मी रीसेट दाबलं. एकदम शांत झालं. नथूभाऊंचे ओठ तरी हलतच होते. दसऱ्याचं म्हणून सगळ्यांना चिक्कीचं एकेक पाकीट मिळालं. त्यांनी एक मशिनपुढेही ठेवलं. थोड्या वेळाने मला म्हणाले, “खा तूच. आवाज तुजाच हाय.”

अलार्म बसवून बरेच महिने झाल्यावर मी मुंबईला देखभालीसाठी गेलो. मी उभा असतानाच पाण्याची पातळी खाली आली. “उ-दो. उ-दो. बॉयलर वॉटर लो.” ऑपरेटरने टोपी नीट केली, हात जोडले आणि जाऊन पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. पेटीवर ताजं कुंकू होतं. वायर जिथल्या तिथे होती.

मला राहवलं नाही. “पुढचं वाक्य नीट कळतं ना?” मी विचारलं.

“कुठलं वाक्य?” तो म्हणाला.

तेव्हापासून कुठेही नवीन मशिन बसवताना मी दोन गोष्टी बघतो. वायर घट्ट आहे का, आणि ती कोणी का काढणार नाही. पहिली मॅन्युअलमध्ये दिलेली असते.